हायपोस्पेडियस शस्त्रक्रियेचा इतिहास

मुलग्याचे मूत्रछिद्र शिश्नाच्या टोकाला नसून जन्मतःच खालच्या बाजूला उघडत असेल, तर त्या व्यंगाला हायपोस्पेडियस म्हणतात. छिद्र मुंडाच्या (शिश्नाच्या पुढच्या बोंडाच्या) जरासे खाली असते, मध्यावर असते किंवा पार वृषणकोशाजवळही असते. बरेचदा शिश्न खाली वाकलेले असते आणि अग्रत्वचा वरच्याच बाजूला टोपीसारखी गोळा झालेली दिसते. साधारण २०० ते ३०० मुलग्यांमागे एकात हे आढळते. अशा बाळाची सुंता आधी करू नये असे डॉक्टर बजावतात, कारण पुढे शस्त्रक्रियेत छिद्र टोकापर्यंत नेणारी नळी बनवायला हीच कातडी लागते. या शस्त्रक्रियेचा जवळजवळ सगळा इतिहास म्हणजे नळीसाठी अस्तर कुठून आणायचे, याचा शोध आहे.

नाव ग्रीक आहे: ‘हायपो’ म्हणजे खाली, ‘स्पेडोन’ म्हणजे चीर. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलनने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. अशा पुरुषाला मूल होत नाही ते वीर्यात दोष असतो म्हणून नव्हे, तर वाकामुळे वीर्य पुढे पोहोचत नाही म्हणून. त्याच सुमाराच्या हेलिओडोरस आणि अँटिलस या शल्यविशारदांचा उपाय मात्र अघोरी होता: छिद्राच्या पुढचा भाग छाटायचा आणि रक्त डागणी देऊन थांबवायचे. छिद्र आपोआप ‘टोकाला’ आले! सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिनाच्या ग्रंथातही हीच रीत आहे.

पुढची अनेक शतके फारसे काही घडले नाही. फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीला हे व्यंग होते असे सांगतात. १५३३ मध्ये लग्न होऊनही राणीपासून त्याला पहिले मूल १५४४ मध्ये झाले, पण मग एकूण दहा झाली. यातले श्रेय त्याच्यावर उपचार करणाऱ्या वैद्याला किती द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या डीफेनबाखने मुंड आरपार टोचून, वाट बुजू नये म्हणून आत नळी ठेवून पाहिली. वाट टिकली नाही; नुसते भोक पाडले तर शरीर ते बुजवते. खरे वळण १८७४ मध्ये आले. पॅरिसच्या सिमाँ द्युप्लेने आधी वाक सरळ केला, मग खालच्या बाजूच्या कातडीचीच पट्टी गुंडाळून नळी केली आणि शेवटी ती मूळ छिद्राला जोडली. नळी पूर्ण गोल शिवली गेली नाही तरी चालते, उरलेला भाग शरीर स्वतः भरून काढते, हेही त्याच्या लक्षात आले होते.

या सूत्रावर लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डेनिस ब्राउनने १९४९ मध्ये आपली रीत उभी केली. तो पट्टी गुंडाळतच नसे. सपाट पट्टीवर बाजूची कातडी ओढून ती पुरून टाकी. टाक्यांनी कातडी कापली जाऊ नये म्हणून नायलॉनच्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना काचेचे मणी आणि ॲल्युमिनियमच्या बारीक कड्या लावी. तरीही टाक्यांच्या रेषेवर फिस्टुला होई, म्हणजे लघवी मधूनच पाझरू लागे. पाझर बुजवायला पुन्हा शस्त्रक्रिया, मग आणखी एक. अनेकदा फसलेल्या रुग्णांना वैद्यकीय लेखनात ‘हायपोस्पेडियस क्रिपल’ (क्रिपल म्हणजे पंगू) म्हटले जाई. अपयश शस्त्रक्रियेचे आणि शिक्का रुग्णावर, असा हा शब्द.

१९७१ मध्ये आग्र्याच्या हरी असोपा यांनी अग्रत्वचेच्या आतल्या पदराची नळी करून एकाच टप्प्यात दुरुस्ती मांडली. फिलाडेल्फियाच्या जॉन डकेट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली याच तत्त्वावरची रीत जगभर गाजली. असोपांचे नाव मात्र बाहेर त्या मानाने कमीच घेतले जाते. मधल्या काळात, १९७४ मध्ये, गिट्स आणि मॅक्लॉफलिन यांनी एक साधी युक्ती दिली: मुळाशी रबरी पट्टा आवळायचा आणि सुईने सलाईन भरायचे. शिश्न ताठ होते आणि वाक टेबलावरच डोळ्यांनी दिसतो. त्याआधी तो बराचसा अंदाजाने ठरे.

१९९४ मध्ये वॉरन स्नॉडग्रास यांनी मूत्रमार्गाच्या पट्टीला मधोमध उभी चीर देऊन ती रुंद केली आणि मग गुंडाळली. चिरेची उघडी जागा आतून भरून येते. द्युप्लेचाच विश्वास, वेगळ्या जागी. आज टोकाजवळच्या छिद्रांसाठी ही रीत फार वापरली जाते. कातडी संपली असेल तर गालाच्या आतले अस्तर घेतात. हंबी नावाच्या शल्यविशारदाने ते १९४१ मध्येच वापरले होते, पण त्याकडे पुन्हा लक्ष गेले ते १९९० च्या दशकात.

आता शस्त्रक्रिया बहुधा वयाच्या सहा ते अठरा महिन्यांत, भिंग लावून, केसाहून बारीक धाग्याने होते. पण सौम्य प्रकारात ती करावीच का, हा वाद जिवंत आहे. १९९५ मध्ये जर्मनीत ५०० पुरुष तपासले, तेव्हा ६५ जणांना हायपोस्पेडियस निघाले. त्यांतल्या बहुतेकांना त्याची कल्पनाच नव्हती, आणि उभ्याने लघवी करायला त्यांना काही अडचण नव्हती.