आधी नोंद, मग आठवण

चहा टाकलेला आहे, कुकरची दुसरी शिट्टी झाली आहे, बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू आहे. मुलगा दारातूनच ओरडतो, ‘आई, उद्या पिवळा टी-शर्ट लागणार आहे, आणि क्लास पाचऐवजी सहाला आहे.’ ती ‘हो’ म्हणते. दुसऱ्या दिवशी टी-शर्ट धुण्याच्या बादलीत, आणि आई पाच वाजताच चपला घालून तयार. ‘अगं, सांगितलं होतं ना तुला!’ ‘कधी?’

आईला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. पाय जड होतात, मध्यंतरी एका डोळ्याला अंधुक दिसत होतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. या ‘कधी?’चा त्या आजाराशी संबंध असेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. मग ‘तुझं लक्षच नसतं’ हे ठरलेलं वाक्य येतं.

संबंध आहे, आणि तो जुना आहे. 1868 मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्टिन शार्को यांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते आणि विचार सावकाश चालतो, हेही त्यांनी टिपलं होतं. पुढची शंभरेक वर्षं डॉक्टरांची नजर पायांवरच राहिली. एमएसची तीव्रता मोजायला आजही जी मोजपट्टी सगळीकडे वापरतात, तिच्यात मधल्या टप्प्यापासून पुढे माणूस किती चालतो यावरच बहुतेक गुण ठरतात. 1991 साली अमेरिकेत स्टीफन राव आणि सहकाऱ्यांनी एमएस असलेल्या 100 जणांची तुलना 100 निरोगी माणसांशी केली आणि सुमारे 43 टक्के रुग्णांमध्ये आकलनाचा दोष असल्याचं मांडलं. नंतरचे आकडे साधारण 40 ते 65 टक्क्यांच्या घरात फिरतात. थोडक्यात, दर दोघांतला एक.

नेमकं काय बिघडतं? बुद्धी नव्हे. बोलणं, शब्दसंपत्ती, वर्षानुवर्षं शिकलेलं ज्ञान हे सहसा शाबूत राहतं. मार खातो तो वेग. चेतातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, त्यामुळे जाड तंतूंमधून संदेश सेकंदाला शंभरेक मीटर धावू शकतो. एमएसमध्ये शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा हे आवरण कुरतडते. मग संदेश रखडतो, कधी मध्येच विरतो. शिवाय मेंदूचा करडा भागही झिजतो. थॅलॅमस हे मेंदूतलं मोठं जंक्शन, आणि ते बऱ्याच रुग्णांत लवकर आक्रसू लागतं.

हा वेग मोजायची एक साधी चाचणी आहे. कागदावर वरच्या ओळीत नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली 1 ते 9 मधला एकेक अंक. खाली नुसती चिन्हांची रांग. नव्वद सेकंदांत जितके जमतील तितके अंक सांगायचे. मी वाणसामानाच्या यादीच्या मागे तिची घरगुती नक्कल करून पाहिली. चाचणी म्हणून तिला काही किंमत नाही, पण शेजारी टीव्ही लावल्यावर माझाही आकडा घसरला, आणि त्या स्वयंपाकघरात काय होत असेल याचा थोडा अंदाज आला.

आता आठवणीकडे. न्यू जर्सीतल्या केसलर फाउंडेशनमधले जॉन डेलुका आणि सहकारी यांनी एमएस असलेल्यांना शब्दांची यादी पाठ होईपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकवली. त्यांना निरोगी माणसांपेक्षा जास्त फेऱ्या लागल्या. पण एकदा यादी पक्की झाल्यावर नंतर विचारलं, तर ती जवळपास इतरांइतकीच आठवत होती. म्हणजे बऱ्याच जणांत कपाट ठीक असतं, वस्तू आत जायलाच वेळ लागतो. पिवळा टी-शर्ट आई विसरली नव्हती. तो आत पोचलाच नव्हता. ‘सांगितलं होतं’ आणि ‘कधी?’ हे दोन्ही खरं होतं.

हे एकदा पटलं की उपाय कुठे करायचा ते कळतं: सांगण्याच्या क्षणी. टीव्ही बंद करून, समोर येऊन, एका वेळी एकच गोष्ट सांगायची. तिने ‘हो’ न म्हणता तीच गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगायची आणि लगेच लिहायची. वही एकच, नाहीतर फोन एकच. चार चिठ्ठ्या चार ठिकाणी नकोत. केसलरच्याच नॅन्सी चिआरावालोटी यांनी तर शब्दांचं चित्र करायला आणि त्यांची गोष्ट गुंफायला शिकवणारा पाच आठवड्यांत दहा बैठकांचा कार्यक्रम 86 जणांवर तपासला. 2013 साली त्याचे निकाल आले, आणि शिकलेल्यांचं नवीन गोष्टी ध्यानात ठेवणं सुधारलं होतं. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर लाइट बिल, सिलिंडर आणि आत्याला फोन ही तीन कामं आहेत. मग आत्या सिलिंडरवर बसून लाइट बिलाने वारा घेतेय असं चित्र डोळ्यांसमोर आणायचं. जितकं विचित्र, तितकं चिकटतं.

गोळीचं काय? अल्झायमर्समध्ये देतात ते डोनेपेझिल आधीच्या छोट्या अभ्यासात आशादायक वाटलं होतं, पण 2011 मध्ये मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांत गुण वाढतात, ते घरच्या हिशेबात उतरतीलच असं नाही.

त्याआधी इतर कारणं धुंडाळणं जास्त फायद्याचं. नैराश्य, अपुरी झोप, थायरॉइड, बी-12 ची कमतरता, यातलं काहीही डोक्यात धुकं आणतं. एमएसमध्ये लघवीच्या तक्रारीसाठी दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधंही आणतात. ती मनाने बंद करायची नाहीत, पण डॉक्टरांना पर्याय जरूर विचारायचा. आणि डोकं अचानक, एक-दोन दिवसांत मंदावलं तर वाट पाहू नये. ते लघवीतल्या जंतुसंसर्गाचं किंवा एमएसच्याच नव्या झटक्याचं लक्षण असू शकतं.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी मायलिन गेलेल्या तंतूतला संदेश अडखळतो. श्रम केल्यावर रुग्णांची नजर अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 मध्येच नोंदवलं होतं. हा परिणाम तात्पुरता असतो, थंडावा मिळाला की उतरतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात मात्र थंडावा हीच मोठी गोष्ट. म्हणून बँक, विम्याचे कागद, मुलांचे फॉर्म ही कामं सकाळी नऊच्या आत उरकावीत, दुपारी मानेवर ओला पंचा ठेवावा. दुपारी तीनला आपल्याला काहीच सुधरत नाही, यावरून स्वतःविषयी मत बनवू नये.

नोकरी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. 2016 च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि कामाच्या जागी वाजवी सोयी ही कल्पना त्याच कायद्यातली. तोंडी सूचनांऐवजी ईमेल, मीटिंगनंतर लेखी मुद्दे, शांत कोपऱ्यातलं टेबल, अशा सोयी मागण्यात ओशाळण्यासारखं काही नाही. त्यांना पैसेही फारसे लागत नाहीत.

राहता राहिले डॉक्टर. त्यांच्या खोलीत कुकर नसतो, टीव्ही नसतो, आणि एका वेळी एकच माणूस प्रश्न विचारतो. तिथे आई अगदी नीट उत्तरं देते आणि ‘बाकी सगळं ठीक’ अशी नोंद होते. म्हणून जाताना वही न्यावी, गेल्या महिन्यातले तीन प्रसंग तारखेसह लिहून. आणि जमलं तर मुलालाही बरोबर घ्यावं.