श्रीलंकेचे सात दिवस: प्रवासाचा दिवस आणि पाहण्याचा दिवस

बडोद्यात दिवाळीच्या सुट्टीचे बेत नवरात्र संपायच्या आतच शिजायला लागतात. दुबई-बँकॉक झालं, यंदा श्रीलंका करू, असं घरात ठरलं की पहिला प्रश्न येतो, "सात दिवसांत किती होईल?" मोबाइलवर नकाशा बघून कुणीतरी सांगतं, "अहो, केवढासा तो देश! आख्खा होईल." तसं बघितलं तर देश लहानच आहे. क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे गुजरातचा जेमतेम तिसरा हिस्सा, आणि दक्षिणोत्तर लांबी ४३० किलोमीटरच्या आसपास. घोळ होतो तो दिवस मोजताना.

टूरवाल्याच्या कागदावर 'दिवस तिसरा', 'दिवस चौथा' असे सगळे दिवस एका मापाचे दिसतात. प्रत्यक्षात ते दोन जातींचे असतात. सकाळी ज्या खोलीतून निघालात तिथेच रात्री परत आलात, तर तो पाहण्याचा दिवस. बॅगा बांधून, हॉटेलचा हिशेब चुकता करून, गाडीत सामान कोंबून दुसऱ्या गावच्या हॉटेलात रात्री टेकलात, तर तो प्रवासाचा दिवस, मग वाटेत चार ठिकाणांची नावं का लिहिलेली असेनात. हॉटेलांची खोली साधारण सकाळी अकरा-बाराला सोडावी लागते आणि नवी मिळते दुपारी दोननंतर. मधले तास कुठे घालवायचे हे कागदावर लिहिलेलं नसतं, ते तुमचं तुम्ही बघायचं.

त्यात आपल्याला एक्स्प्रेसवेने बिघडवलंय. बडोदा-अहमदाबाद हा ९३ किलोमीटरचा रस्ता सव्वा तासात उरकायची इतकी सवय झाली आहे की शंभर किलोमीटर म्हणजे सव्वा तास हा हिशेब डोक्यात पक्का बसलाय. श्रीलंकेत द्रुतगती मार्ग सोडले तर गावाबाहेरच्या रस्त्यावर मोटारीची वेगमर्यादाच ताशी ७० आहे. रस्ता बहुतेक दुपदरी, गावागावांतून जाणारा, पुढे बस आणि टुकटुक. सपाटीवर तासाला चाळीस आणि डोंगरात तीस-पस्तीस किलोमीटर धरले तर गणित बरोबर येतं. कोलंबोजवळच्या कटुनायकेच्या विमानतळावरून सिगिरिया दीडशे किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चार तास. कँडी ते डोंगरातलं नुवारा एलिया ऐंशीच्या आतच, पण अडीच तास खातं.

या सहलीच्या कागदांवर हमखास सापडणारी एक ओळ घ्या: "दिवस तिसरा: न्याहारीनंतर सिगिरिया, दांबुला गुंफा, मातलेची मसाल्याची बाग, कँडीकडे प्रयाण, सायंकाळी सांस्कृतिक कार्यक्रम व दंतमंदिर." वाचायला झकास. आता घड्याळ लावून बघा. न्याहारीनंतर म्हणजे साडेआठ, पायथ्याशी नऊ. सिगिरियाचा खडक भोवतालच्या सपाटीपासून साधारण १८० मीटर उंच, म्हणजे आपल्या केवडियाच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याएवढा. फरक इतकाच की तिथे लिफ्ट आहे आणि इथे सुमारे बाराशे पायऱ्या. पाचव्या शतकात राजा कश्यपाने वर महाल बांधला. तो बघायचा, मधल्या कपारीतली भित्तिचित्रं बघायची, सिंहाच्या पंजांपाशी दम खायचा, तर चढून-उतरून तीन तास. तेही उन्हात, कारण नऊला सुरुवात केलीत. खाली येता येता बारा. जेवण. वीस किलोमीटरवर दांबुला, तिथे पुन्हा चढण, पाच गुंफा, छतभर रंगवलेले बुद्ध आणि अनवाणी पायांखाली तापलेला दगड. साडेतीन होतात. पुढे कँडी सत्तर किलोमीटर, दोन-सव्वादोन तास. मध्ये मसाल्याची बाग, जिथे दालचिनीचं झाड पाच मिनिटांत दाखवतात आणि तेलं विकायला तासभर घेतात. दंतमंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या देवळात, सायंकाळची पूजा साडेसहाच्या सुमाराला. सांस्कृतिक कार्यक्रम त्याआधी संपलेला असतो, आणि तुम्ही अजून कँडीच्या ट्रॅफिकमध्ये.

हा कागद खोटा म्हणता येत नाही. एखादा धट्टाकट्टा पंचविशीतला मुलगा हे सगळं करूनही दाखवेल. पण आजी आणि दुसरीतला नातू बरोबर असतील तर पाचपैकी दोनच गोष्टी धड होतात, आणि त्या कुठल्या हे तुम्ही ठरवत नाही, ड्रायव्हर ठरवतो. माझ्या मते बहुतेक वेळा मसाल्याची बाग वाचते आणि दंतमंदिर जातं.

हेच सिगिरियाजवळ दोन रात्री धरून करा. पहिल्या दिवशी विमानतळावरून पोचणं, एवढंच. दुसऱ्या दिवशी दार उघडताच खडकावर, साडेदहापर्यंत खाली, दुपारी खोलीत आडवं, आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दांबुला. हा पाहण्याचा दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी कँडीकडे निघा. दुपारी पोचाल, सामान टाकून तळ्याकाठी फिराल आणि संध्याकाळच्या पूजेला निवांत रांगेत असाल. दंतधातू प्रत्यक्ष दिसत नाही, पूजेच्या वेळी त्याच्या सोन्याच्या करंडकाचं दर्शन होतं. गुडघे-खांदे झाकलेले हवेत, बर्म्युडावाल्यांना दारातच अडवतात. तिकिटांचं म्हणाल तर सिगिरियाला सार्क देशांच्या पासपोर्टवर सवलत आहे. पण पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून गेलात तर ती कुणी तोंडी देत नाही.

दोन्ही जाती एक होतात अशी एक जागा मात्र आहे, ती म्हणजे डोंगरातली रेल्वे. कँडीहून एल्ला या डोंगरातल्या गावाला जाणारी गाडी सहा-सात तास घेते, मोटारीपेक्षा जास्त, आणि तरीही तो पाहण्याचा दिवस आहे, कारण चहाचे मळे, बोगदे, ढगात शिरणारे रूळ हेच बघायचं असतं. पोरांना सात तास जड जातील. मग कँडीपासून नानू ओयापर्यंत मोटारीने जा आणि तिथून एल्लापर्यंतच गाडीत बसा, अडीच-तीन तासांत काम होतं. नुवारा एलियाला स्टेशन नाही, नानू ओया हेच त्याचं स्टेशन. सामान ड्रायव्हरकडे द्यायचं, तो रस्त्याने पुढे जाऊन एल्लाला उभा राहतो. आरक्षण तीस दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं, म्हणून तारीख हॉटेलांच्या आधी पक्की करा. आणि मोठ्या पावसात दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो, तेव्हा गाडी चालू आहे ना, हे आधी विचारून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पावसाचं इथेच लक्षात ठेवायचं. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस आहेत: मे ते सप्टेंबर नैऋत्येकडचा, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडचा. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे नेमकी आपली दिवाळी, हा दुपारच्या गडगडाटी सरींचा काळ, आणि त्या बेटावर कुठेही येतात. सकाळ बहुधा कोरडी मिळते. त्यामुळे बघायचं ते जेवणाच्या आत, गाडीत बसायचं ते जेवणानंतर. सर गाडीच्या काचेवर पडली तर तुमचं काही जात नाही, खडकावर गाठली तर आजीला खाली आणायचं कसं हा प्रश्न.

जेवणाचं जाता जाता: शाकाहारी असाल तर पोल सांबोल मागताना विचारा. नारळाच्या त्या चटणीत बरेचदा सुक्या माशाचा चुरा असतो आणि कुणी आपणहून सांगत नाही, त्यांच्या लेखी तो मसालाच.

आता सात दिवसांचं काय? बडोद्याहून आधी अहमदाबाद किंवा मुंबई गाठायची, मग विमान. पहिला आणि सातवा दिवस बहुतेक यातच जातात. पहाटे तीनला उतरलात तर ती 'रात्र' पॅकेजमध्ये मोजली जाते, पण तुम्हाला झोपेचे चार तास मिळतात. उरले पाच. त्यांत प्रत्येक मुक्काम बदलताना अर्धा दिवस वजा. चार मुक्काम केलेत तर तीन वेळा बॅगा भरल्या, दीड दिवस गेला. दोन मुक्काम केलेत तर अर्धाच. म्हणून सिगिरिया, कँडी आणि तिसरी एकच जागा धरा: एल्ला नाहीतर समुद्रकाठचं गॉल. दोन्ही धरायला जाऊ नका. 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानातले बिबटे तर या खेपेला सोडूनच द्या. जंगलाची जीप पहाटे निघते, त्यासाठी आदली रात्र तिथेच काढावी लागते, म्हणजे आणखी एक मुक्काम.

एल्ला की गॉल, हे घरातल्या वयांवर ठरवा. गॉल असेल तर कँडीहून उतरायला चार-पाच तास, तो सरळ प्रवासाचा दिवस म्हणून लिहा आणि वाटेत काही घालू नका. पोचल्यावर डच काळातल्या किल्ल्याच्या तटावरून संध्याकाळी चाललात तर तेवढं पुरतं. परतीला मात्र गॉलचा मोठा फायदा आहे: दक्षिणेचा द्रुतगती मार्ग, कोलंबोचा बाह्यवळण रस्ता आणि विमानतळाचा द्रुतगती मार्ग एकमेकांना जोडलेले आहेत, शहरात शिरावं लागत नाही. अडीच-तीन तासांत कटुनायके. विमान संध्याकाळचं असेल तर सकाळ गॉललाच काढता येते. पहाटेचं असेल तर शेवटची रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला घ्या. एल्लाहून मात्र विमानतळ सहा तासांहून लांब आहे, तेव्हा एल्ला निवडलंत तर शेवटची रात्र कुठल्याही विमानाला नेगोंबोलाच धरा आणि तो मुक्काम आधीच मोजून ठेवा.