आर्टिकलशिपचे शेवटचे वर्ष आणि 'आयटी'चा प्रश्न

आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्यासाठी एखाद्या सीएच्या हाताखाली करायच्या प्रशिक्षणाच्या, शेवटच्या वर्षी आयटी घ्यावी का, हा प्रश्न सीए करणाऱ्या मुलांच्या गप्पांत हमखास निघतो. यातली आयटी म्हणजे इन्कम टॅक्स नव्हे आणि सॉफ्टवेअरही नव्हे. ती इंडस्ट्रियल ट्रेनिंग. कारखान्याशी तिचा संबंध असेलच असे नाही. बँकेच्या ट्रेझरीत (बँकेचा पैसा सांभाळणाऱ्या विभागात) किंवा कंपनीच्या टॅक्स विभागात बसूनही ती होते.

मूळ व्यवस्थेत अशा खास अनुभवाला वेगळी जागा नव्हती. मुंबईत १९१८ पासून सरकारी हिशेब पदविका दिली जाई. तेव्हापासूनचा साचा एकच: एक सर (ज्याच्या हाताखाली शिकायचे तो सीए), एक ऑफिस आणि तिथे येईल ते काम. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानंतरही तो टिकला, कारण कामच तसे होते. वह्या तपासायच्या, व्हाउचर लावायचे, ताळेबंद जुळवायचा. कामाचे तुकडे पडू लागले ते नंतर. १९८४ च्या वित्त कायद्याने टॅक्स ऑडिट, म्हणजे प्राप्तिकरासाठीची हिशेब तपासणी, आणले आणि ऑफिसांना 'सीझन', म्हणजे कामाच्या गर्दीचा हंगाम, मिळाला. २००१ मध्ये ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारांच्या किमतींचे नियम) आले, २०१६ मध्ये दिवाळखोरी संहिता, २०१७ मध्ये जीएसटी. पेठेतल्या एखाद्या ऑफिसात हे सगळे एकत्र शिकायला मिळणे दुरापास्त झाले. उलट बड्या फर्ममध्ये पहिल्या दिवशी ज्या विभागात टाकले, त्याच विभागात मुदत संपायची.

सीएंच्या १९८८ च्या नियमावलीत यावर दोन वाटा आहेत. एक सेकंडमेंट: आपल्या सरांकडे जे काम नाही, ते शिकायला दुसऱ्या सीएकडे काही महिने जाणे. ही वाट कागदावर चांगली आहे, वापरणारे मात्र मोजकेच भेटतात. दुसरी वाट इंडस्ट्रियल ट्रेनिंगची: प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात ९ ते १२ महिने, त्या कंपनीत नोकरी करणाऱ्या सीएच्या हाताखाली. सरांना तीन महिने आधी कळवायचे. हा काळ आर्टिकलशिपमध्येच धरला जातो.

खरा वाद पेटला तो १ जुलै २०२३ पासून, आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आली तेव्हा. मुदत याआधीही हलली होती. २००६ मध्ये ती साडेतीन वर्षे झाली आणि थोड्याच काळात पुन्हा तीनवर आली. या वेळी मात्र तिसरा हिस्सा कापला गेला. या कपातीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे गणित असे: जुन्या योजनेत अभ्यासाच्या सुट्ट्यांतच साधारण पाच महिने जात, म्हणजे हाती उरत सुमारे ३१ महिने. नव्या योजनेत सुट्टी वर्षाला १२ दिवस, म्हणून उरतात २३. तूट वर्षाची नाही, आठ महिन्यांची. शिवाय इंटरचे, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचे, दोन्ही ग्रुप सुटल्यावरच मुलगा ऑफिसात येतो आणि फायनलसाठी, म्हणजे शेवटच्या परीक्षेसाठी, त्याला नंतर सहा महिने मोकळे मिळतात. हिशेब बरोबर आहे. पण महिने मोजून आर्टिकलशिप कळत नाही, ती सीझनने कळते. एप्रिलचे बँक ऑडिट, सप्टेंबरचे टॅक्स ऑडिट. पहिल्या सप्टेंबरात मुलगा फाइली शोधतो, दुसऱ्यात त्याला प्रश्न पडतात, तिसऱ्यात तो नवख्याला शिकवतो.

तीन वर्षांत आयटी घेणाऱ्याला ऑफिसातल्या सीझनच्या दोन फेऱ्या मिळत. आता एकच मिळते. लहान ऑफिसांच्या सरांची तक्रार इथेच आहे: कामाला लागला की निघाला. तिच्यात स्वार्थ आहे, स्वस्तात मिळालेला तयार माणूस जातो हे त्यांना खुपते. तरी तक्रार खोटी नाही. दुसरी बाजू मुलांची. फायनलच्या तोंडावर आयटी घेऊन दोन्हीकडे धावपळ करणारे जुन्या योजनेत पुष्कळ होते. अभ्यासाचे सहा महिने वेगळे निघाल्याने ती ओढाताण थांबली, आणि माझ्या मते २०२३ च्या बदलातली ही सर्वांत शहाणी गोष्ट आहे. तिच्याबद्दल बोलले मात्र फार कमी जाते.

नव्या अभ्यासक्रमात स्वतःच्या गतीने करायचे ऑनलाइन घटकही आले. त्यांत आंतरराष्ट्रीय कर, मूल्यांकन, फॉरेन्सिक (गैरव्यवहार शोधणारी हिशेब तपासणी) असे पर्याय आहेत. काही जण त्यांना आयटीचा पर्याय समजतात. पडद्यावर शिकलेले मूल्यांकन आणि आकडा द्यायला टाळाटाळ करणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरसमोर बसून केलेले मूल्यांकन, यांत काय फरक असतो ते त्यांना नोकरीत कळेलच.

आता वेळापत्रक पाहा. पूर्ण १२ महिने आयटी घ्यायची, तर सरांना नवव्या महिन्यात कळवावे लागते. नोव्हेंबरात रुजू झालेल्या मुलाचा नववा महिना जुलैत संपतो. म्हणजे एकही सप्टेंबर पाहिलेला नसताना, टॅक्स ऑडिट आपल्याला आवडते की नाही हे त्याला ठरवून मोकळे व्हावे लागते.