युरिया श्वासचाचणी

जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूचा संसर्ग आहे का, हे रुग्णाच्या उच्छ्वासावरून ओळखण्याची चाचणी. घशातून दुर्बिणीची नळी उतरवून जठराच्या अस्तराचा तुकडा काढण्याची गरज हिच्यात पडत नाही. निदानासाठी ती वापरतातच, पण औषधांचा कोर्स संपल्यावर जंतू खरोखर गेला का हे पाहायला तिच्याइतकी सोयीची चाचणी क्वचितच सापडेल. बरे वाटू लागलेल्या माणसाला केवळ खात्रीसाठी पुन्हा नळी गिळायला लावणे जड जाते.

हा मळसूत्राच्या आकाराचा जीवाणू जठराच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतो. जगातल्या सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात तो असावा असा अंदाज आहे. बहुधा लहानपणीच तो शिरतो आणि पुष्कळांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना मात्र जठरदाह आणि अल्सर होतो, थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे पक्के ठरलेल्यांच्या गटात टाकले.

ऑस्ट्रेलियातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यांवर हे वाकडे जंतू दिसले. पुढे बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे जंतू वाढवायला ठेवलेल्या प्लेट नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणपेटीत राहिल्या, तेव्हा कुठे हा जंतू प्रयोगशाळेत वाढला. अल्सर जंतूमुळे होतो हे कोणी मानायला तयार नव्हते, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी वाढवलेला जंतू स्वतःच पिऊन टाकला. जठर आधी निरोगी होते आणि नंतर सुजले हे दाखवायला त्यांना दोन्ही वेळा दुर्बिणीची नळी गिळावी लागली. वॉरन आणि मार्शल यांना २००५ चे नोबेल मिळाले. नळीवाचूनचा मार्ग त्यांच्या शोधानंतर थोड्याच वर्षांत निघाला : अमेरिकेत डेव्हिड ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी कार्बन-१३ (नेहमीच्या कार्बनचाच किंचित जड प्रकार) वापरून केलेली श्वासचाचणी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली.

चाचणीचे मर्म जीवाणूच्या जगण्याच्या रीतीतच आहे. जठरातल्या आम्लात टिकून राहण्यासाठी तो युरियेज नावाचे विकर (एन्झाइम) भरपूर बनवतो. हे विकर युरियाचे तुकडे करते. त्यातून निघालेला अमोनिया आम्ल मारतो आणि जीवाणूभोवती जगण्याजोगी जागा तयार होते. सोबत कार्बन डायऑक्साइडही निघतो. तो रक्तात मिसळतो, फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. माणसाच्या पेशी युरियेज बनवत नाहीत. म्हणून कार्बन-१३ सारखा ओळखता येणारा, खूण केलेला कार्बन असलेला युरिया रुग्णाला दिला आणि तीच खूण थोड्या वेळात उच्छ्वासात उमटली, तर पोटात कोणीतरी तो फोडला असे ठरते. रक्तातल्या प्रतिद्रव्यांची (अँटिबॉडीची) तपासणी जुना, संपून गेलेला संसर्गही दाखवत राहते. श्वासात उमटतो तो आज जिवंत असलेला, कामावर असलेला जंतू.

प्रत्यक्ष चाचणी अर्ध्या-पाऊण तासाची. रुग्ण उपाशीपोटी येतो आणि स्ट्रॉने एका काचनळीच्या तळाशी श्वास सोडतो. काच आतून धुरकट झाली की फुंकत फुंकतच स्ट्रॉ बाहेर ओढायचा आणि झाकण लगेच घट्ट लावायचे. हा पहिला नमुना लागतोच, कारण निसर्गातल्या कार्बनमध्येही सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ असतो. मग साधारण ७५ मिलिग्रॅम खूण केलेला युरिया सायट्रिक आम्लाच्या आंबट पेयातून देतात. आंबटपणामुळे पेय जठरात जास्त वेळ थांबते आणि जीवाणूचे युरियेजही जोमाने काम करते. वीस-तीस मिनिटांनी दुसरा नमुना. दोन्हींतला फरक यंत्र मोजते. खुणेसाठी किरणोत्सर्गी कार्बन-१४ वापरण्याची पद्धत स्वस्त पडते. त्याचा किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो, तरी गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी किरणोत्सर्ग नसलेला कार्बन-१३ च घेतात.

नीट केलेल्या चाचणीची अचूकता ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. मात्र हे ‘नीट’ रुग्णाच्या आधीच्या काही आठवड्यांवर अवलंबून असते, आणि आपल्याकडे चूक होते ती इथेच. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी घेणे अनेकांच्या इतके अंगवळणी पडले आहे की ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नावर तिचे नावही येत नाही. या गोळ्यांनी जीवाणूंची संख्या रोडावते, उरलेले जठराच्या वरच्या भागात सरकतात आणि संसर्ग असूनही अहवाल निगेटिव्ह येतो. म्हणून त्या किमान दोन आठवडे, तर प्रतिजैविके आणि बिस्मथ चार आठवडे बंद असावी लागतात. अर्थात हे डॉक्टरांना विचारूनच. अल्सरमधून नुकताच रक्तस्राव झालेल्या माणसाने गोळी परस्पर थांबवणे धोक्याचे आहे. उपचारानंतरची चाचणीही औषधे संपल्यावर चार आठवड्यांच्या आत करू नये. दबलेला जंतू तेवढ्यात पुन्हा डोके वर काढतो.

विष्ठेतील प्रतिजन (जंतूचे अंश) शोधण्याची चाचणीही नळीवाचून होते आणि तीही चालू संसर्गच दाखवते. कोलकात्याच्या एस. एन. बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात माणिक प्रधान यांच्या गटाने आणखी वेगळी वाट धरली. उच्छ्वासातल्या वाफेत जड हायड्रोजनचे पाणी किती आहे, यावरून हा संसर्ग ओळखण्याचा त्यांचा प्रयत्न आहे.

काही ठिकाणी दुर्बिणीला पर्याय नाही. काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, अकारण वजन घटणे, घास अडकणे अशी लक्षणे असतील तर आतला व्रण किंवा गाठ डोळ्यांनी पाहावी लागते. कोणत्या प्रतिजैविकाला जंतू दाद देत नाही, हेही श्वासावरून कळत नाही. त्यासाठी बहुधा अस्तराचा तुकडाच लागतो.