टपालाने येणारी खोकल्याची बाटली

‘खोकला, ब्राँकायटिस, दमा आणि क्षय यांवरचं प्रसिद्ध औषध.’ खाली किंमत: लहान बाटली अडीच शिलिंग, मोठी साडेचार. गावात मिळत नसेल तर कुठल्याही पत्त्यावर टपालाने पाठवू. आणि अर्थातच, नकली मालापासून सावध! ‘आमची कोठेही शाखा नाही’ एवढंच लिहायचं राहिलं होतं.

ही जाहिरात ‘हर्न्स ब्राँकायटिस क्युअर’ची. औषध बनवणारा केमिस्ट जिलाँगचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीतल्या बंदराच्या गावचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची तिथली वर्तमानपत्रं ‘ट्रोव्ह’ या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात घरबसल्या वाचता येतात. यंदा जुलैमध्ये मला सर्दी झाली, सर्दी गेली आणि खोकला तेवढा मागे राहिला. रात्री झोप येईना म्हणून ही जुनी पानं चाळत बसलो, तर पानोपानी माझंच दुखणं!

असं का, ते समजायला फार डोकं लागत नाही. 1851 नंतर सोन्याच्या मागे माणसं व्हिक्टोरियाच्या आतल्या भागात पांगली. डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर, पण वर्तमानपत्र आणि टपाल मात्र पोचायचं. त्याच वाटेने विजेचे पट्टे, केसांची तेलं आणि औषधं घरी येऊ लागली. गोळ्यांचं एकच उदाहरण सांगतो. इंग्लंडच्या प्रसिद्ध बीचम्स गोळ्यांचा डबा 1 शिलिंग दीड पेनीला मिळायचा. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 मध्ये पृथक्करण करून पाहिलं तेव्हा 56 गोळ्यांच्या मालाची किंमत निघाली सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. बाकीचे पैसे छपाईत आणि मालकाच्या खिशात.

या औषधांना ‘पेटंट’ म्हणत, पण बहुतेकांना पेटंट नसायचंच. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि इथे सगळी मदार कृती गुप्त ठेवण्यावर. ब्रिटनमध्ये अशा औषधांवर कर होता आणि कर भरल्याची सरकारी चिकटपट्टी बाटलीवर लावावी लागे. वरच्या किमतीतली दीड पेनी ती हीच. विक्रेत्यांनी या पट्टीवर आपलंच नाव छापून घेतलं आणि ‘सरकारी पट्टीवर आमचं नाव पाहूनच घ्या’ अशी जाहिरात सुरू केली. कराच्या पावतीचं असं प्रमाणपत्र झालं.

आता माझ्या आवडत्या बाटलीकडे येतो. डॉ. जे. कॉलिस ब्राऊन हा ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या सैन्यात डॉक्टर होता. 1848 च्या सुमारास त्याने कॉलऱ्यासाठी एक मिश्रण तयार केलं, ते क्लोरोडाइन. मुख्य घटक तीन: अल्कोहोलमध्ये विरघळवलेली अफू, भांगेच्या झाडाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. शेवटची दोन तर त्या काळातल्या बातमीतली माणसं होती म्हणा ना! गांजाची युरोपीय वैद्यकाशी गाठ ओ’शॉनेसी या डॉक्टरने 1839 मध्ये कलकत्त्यात घालून दिली होती, तर क्लोरोफॉर्म एडिंबरोच्या सिम्पसनने 1847 मध्ये प्रसूतीसाठी वापरला होता.

पुढे लंडनच्या डॅव्हेनपोर्ट या औषधविक्रेत्यामार्फत क्लोरोडाइन जगभर गेलं. फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याने ‘मूळ क्लोरोडाइन माझंच’ म्हटल्यावर प्रकरण कोर्टात गेलं. 1864 मध्ये न्यायाधीश पेज वुड यांनी ब्राऊनच खरा जनक असल्याचं म्हटलं, आणि पुढची कित्येक वर्षं मेलबर्नपासून न्यूझीलंडपर्यंतच्या वर्तमानपत्रांत हे न्यायाधीशांचे शब्दच जाहिरात म्हणून छापले गेले. औषध गुणकारी आहे का, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. वाचणाऱ्याला तसं वाटलं तर तो त्याचा दोष!

जाहिरातीतली यादी पाहा: खोकला, दमा, क्षय, कॉलरा, जुलाब, पोटशूळ, मज्जातंतूंच्या वेदना, निद्रानाश. अशी यादी दिसली की आपण हसतो, कारण सर्व रोगांवर एकच औषध म्हणजे भोंदूपणा हे आपल्याला पाठ असतं. पण या यादीतल्या निम्म्याअधिक तक्रारींना क्लोरोडाइनने खरोखर उतार पडत असे. हे कसं?

त्यासाठी आधी खोकला. श्वासनलिकेच्या अस्तरात चेतातंतूंची टोकं असतात. धूळ, कफ किंवा सूज यांनी ती चाळवली की व्हेगस नावाच्या चेतेमार्फत संदेश मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत जातो. (याच व्हेगसची एक फांदी कानात जाते. म्हणून काही जणांना कान कोरताना ठसका लागतो.) तिथून हुकूम सुटतो. आधी खोल श्वास, मग स्वरयंत्राचं दार सुमारे 0.2 सेकंद बंद. तेवढ्यात पोटाचे आणि छातीचे स्नायू आवळले जातात आणि आतला दाब पाऱ्याच्या 300 मिलिमीटरपर्यंत चढू शकतो. तुमचा रक्तदाब 120 असतो, हे लक्षात घ्या. मग दार उघडतं आणि हवा कफासकट सुटते.

अफूतलं मॉर्फिन या साखळीत शिरतं ते लंबमज्जेत. तिथल्या चेतापेशींवर ‘म्यू’ नावाचे ग्राही, म्हणजे ठरावीक रसायनांनीच उघडणारी कुलपं असतात. मॉर्फिन त्यांत किल्लीसारखं बसलं की पेशीच्या आत जी-प्रथिन सुटं होतं, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, धनप्रभारित आयन बाहेर पडतात आणि पेशीचं विभव आणखी ऋण होतं. दुसरीकडे कॅल्शियमच्या वाहिन्या मिटतात, त्यामुळे पुढच्या पेशीला निरोप देणारी रसायनंही कमी सुटतात. इथे वाट चुकली असेल तर एवढंच धरा: पेशी सुस्तावते, खाकरण्याचा हुकूम सुटत नाही.

आणि हेच म्यू कुलूप शरीरात इतरत्रही आहे. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवर आहे, म्हणून आतड्याची हालचाल मंदावते आणि जुलाब थांबतात. वेदनेच्या वाटेवर आहे, म्हणून दुखणं बोथट होतं. श्वासाचा ठेका धरणाऱ्या प्री-बॉटझिंगर नावाच्या पेशीसमूहातही आहे, म्हणून मात्रा वाढली की श्वासच थांबतो. क्लोरोडाइनचे बळी याच वाटेने गेले. कुलूप एकच, घरं चार! हे ग्राही सापडले 1973 मध्ये, आणि शरीर स्वतःच त्यांच्या किल्ल्या बनवतं हे अॅबर्डीनमध्ये उमगलं 1975 मध्ये. ब्राऊनला यातलं काहीच माहीत असायचं कारण नव्हतं. जाहिरातीतली यादी अनुभवानेच बनत गेली असावी, आणि ती म्यू ग्राहींचा बऱ्यापैकी अचूक नकाशा निघाली. तक्रारींना उतार पडे तो असा; रोग मात्र होता तिथेच. क्षयाचे जंतू कॉखने 1882 मध्ये दाखवले, पण जाहिरातींतून क्षय त्यानंतरही बरा होतच राहिला. खोकला दबल्याने रोगी निर्धास्त, आणि जंतू फुप्फुस पोखरत असलेले.

यातली सगळ्यात चलाख गंमत पुढे आहे. रोज काही आठवडे मॉर्फिन मिळालं की पेशी त्याच्याशी जुळवून घेतात, दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतात. मग बाटली संपली की तो जोर मोकाट सुटतो. नाक गळतं, डोळे पाणावतात, शिंका येतात, अंग मोडून येतं, जुलाब लागतात. म्हणजे हुबेहूब सर्दी-तापाची लक्षणं! ग्राहकाला काय वाटणार? दुखणं उलटलं. पुढची बाटली मागवा. जाहिरातदाराला याहून चांगला दलाल कुठून मिळणार?

ऑस्ट्रेलियात या धंद्याची रीतसर चौकशी केली ती सिडनीतल्या पियानो बनवणाऱ्या एका कारखानदाराने. ऑक्टेव्हियस बील त्याचं नाव. शाही आयोगाचं काम त्याने स्वखर्चाने केलं आणि 1907 मध्ये गुप्त औषधांवरचा जाडजूड अहवाल दिला.

हे सगळं दूरदेशीचं म्हणून सोडून देऊ नका. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी देऊन झोपवत, आणि तेच काम अमेरिकेत मिसेस विन्सलोचं मॉर्फिन घातलेलं सिरप करत होतं. ‘घरगुती आहे, अपाय नाही’ आणि ‘विलायती आहे, शास्त्रीय असणार’ या दोन्ही समजुती एकाच माळेच्या. आपल्याकडे चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध 1954 चा कायदा आहे. तरी रविवारची पुरवणी उघडून पाहा.

राहिली ती ‘गुण आला’ म्हणणारी पत्रं. अशी पत्रं ढिगाने छापली जायची, आणि मला वाटतं त्यांतली पुष्कळशी प्रामाणिक असावीत. सर्दीनंतरचा खोकला सरासरी अडीच आठवडे टिकतो, पण लोकांना वाटतं की तो आठवड्यात जायला हवा. म्हणजे दहाव्या दिवशी माणूस वैतागतो, पैसे टपालाने धाडतो, पार्सल यायला चार दिवस, औषध घ्यायला तीन. सतराव्या दिवशी खोकला जातो. हर्नच्या बाटलीत नुसतं साखरेचं पाणी असतं, तरी पत्र आलंच असतं.

माझा खोकला एकोणिसाव्या दिवशी गेला. सतराव्या दिवशी शेजारच्या काकू अडुळशाचा काढा घेऊन आल्या होत्या, स्टीलच्या पातेल्यात, वर ताटली झाकून. “बघ, दोन दिवसांत गुण आला की नाही?” काकू म्हणाल्या.

मी हो म्हटलं, आणि पातेलं घासून परत दिलं.