पऱ्हाटी, पाहा कापूस

कपाशीला बोंडं धरू लागली की विदर्भातल्या गावच्या वाचनालयात कुणीतरी अळीवरचं पुस्तक मागायला येतो. एक जण 'गुलाबी बोंडअळी' म्हणतो, दुसरा 'शेंदरी बोंडअळी'. कृषी केंद्रावरून सरळ आलेला माणूस 'पिंक बोलवर्म' म्हणतो. कीड एकच, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कपाशीचं तिने केलेलं नुकसान इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

समजा, वाचनालयात या किडीवर नऊ पुस्तकं-पुस्तिका आहेत. चारांच्या नावात 'गुलाबी' आहे, तिघांच्या नावात 'शेंदरी', एकीच्या नावात 'पिंक बोलवर्म', आणि नवव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर नुसतं 'पांढरं सोनं' छापलंय. नावावरून शोधणाऱ्याला फार तर चार सापडतील. पाच पुस्तकं त्याच्यापासून दोन हातांवर असून त्याला दिसणार नाहीत, आणि काही निसटलं हेही त्याला कळणार नाही. अपुरं उत्तर पूर्ण वाटतं, आणि माणूस तेवढ्यावरच परत जातो.

हा दोष वाचकाचा नाही आणि भाषेचाही नाही. १९८७ साली जॉर्ज फर्नास या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं वस्तूंना आणि कामांना आपणहून कोणती नावं देतात ते मोजलं. एकाच गोष्टीसाठी दोन माणसांनी नेमका तोच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. म्हणजे पुस्तकाची नोंद करणाऱ्याचा शब्द आणि शोधणाऱ्याचा शब्द सहसा जुळणारच नाही, असं धरूनच काम करावं लागतं.

यावरचा ग्रंथालयांचा जुना उपाय म्हणजे प्रमाणित विषयशीर्षकं. एका विषयाचं एक नाव ठरवायचं, त्या विषयाच्या प्रत्येक पुस्तकाला तेच लावायचं, आणि बाकीच्या सगळ्या नावांवरून त्या नावाकडे वाट काढून द्यायची. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी होतात, तिसरी राहून जाते. खरी किंमत मात्र तिसरीचीच आहे.

विषयशीर्षक आणि वर्गांक यांची नेहमी गल्लत होते. वर्गांक पुस्तकाला कपाटातली जागा देतो, आणि एक पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात कापसाची लागवड ६३३.५१ मध्ये जाते, कापड उद्योगातला कापूस ६७७.२१ मध्ये, कापूस उत्पादनाचं अर्थकारण ३३८.१७३५१ मध्ये. कापसाची पुस्तकं अशी तीन कपाटांत विखुरतात. त्यात चूक काही नाही, कारण ड्यूईची मांडणी ज्ञानशाखांनुसार आहे. पण ज्याला कापसाबद्दल सगळंच हवं आहे त्याला ही तिन्ही कपाटं एका ठिकाणी दिसायला हवीत, आणि ते तालिकेतल्या, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकयादीतल्या, 'कापूस' या शीर्षकाखालीच होतं. शिवाय शीर्षकं एकाहून अधिक देता येतात, त्यामुळे एकच पुस्तक तालिकेत तीन-चार दारांतून भेटू शकतं.

या शास्त्राचा पाया अमेरिकी ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी १८७६ साली छापलेल्या तालिकेच्या नियमांत घातला. पुस्तक ज्या विषयाचं आहे, नेमक्या त्याच नावाखाली नोंदवा, त्याहून मोठ्या विषयाखाली नको, हा त्यांचा नियम आजही चालतो. संत्र्याचं पुस्तक 'संत्रा'खाली, 'फळझाडे'खाली नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १८९८ साली आपली शीर्षकांची यादी बांधायला घेतली. आज तिच्यात तीन लाखांहून अधिक नोंदी आहेत. लहान ग्रंथालयांसाठी मिनी सिअर्स यांनी १९२३ साली वेगळी, आटोपशीर यादी काढली. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी वेगळी वाट धरली. वर्गांकाच्याच पायऱ्या उलट क्रमाने उतरत शीर्षकं काढायची त्यांची साखळी पद्धत आजही ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात शिकवतात.

गावच्या वाचनालयाने मात्र तीन लाखांची इंग्रजी यादी उतरवून घेण्यात अर्थ नाही. पाच-सहा हजार पुस्तकांच्या संग्रहाला स्वतःची, मराठीतली, काहीशे शीर्षकांची यादी पुरते. शब्द निवडताना आधार म्हणून मराठी विश्वकोशातल्या नोंदींची नावं आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवावेत. वाचक रोज बोलतो तो शब्द आणि कोशातला शब्द यांत निवड करायची झाली, तर आमचं मत रोजच्या शब्दाच्या बाजूने आहे, अट एवढीच की तो सगळ्या तालुक्याला कळावा.

'कापूस' याच शब्दाचं बघा. शेतीच्या पुस्तकांत पीक 'कपाशी' असतं आणि वेचून आणलेला तो 'कापूस'. वऱ्हाडात उभ्या पिकालाही 'पऱ्हाटी' म्हणतात आणि वेचणी आटोपल्यावर जळणासाठी उपटलेल्या झाडांनाही. शीर्षक 'कापूस' ठरवलं तर त्याच्या अधिकृत नोंदीत, म्हणजे ठरलेलं नाव आणि त्याची बाकीची नावं सांगणाऱ्या नोंदीत, एवढं तरी हवं:

कापूस
व्याप्ती: पीक, रुई आणि सरकी या तिन्हींवरची पुस्तके. वाळलेल्या झाडांच्या उपयोगासाठी पाहा: पीक-अवशेष.
यासाठीही हेच वापरा: कपाशी, पऱ्हाटी, कपास
व्यापक: नगदी पिके
संकुचित: बीटी कापूस
संबंधित: बोंडअळ्या, जिनिंग-प्रेसिंग

'यासाठीही हेच वापरा' या ओळीतला प्रत्येक शब्द तालिकेत आपापल्या जागी स्वतंत्र उभा राहतो: 'पऱ्हाटी, पाहा कापूस'. कार्डांची तालिका असेल तर साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं एक कार्ड 'प'च्या खणात घालायचं. आपण वाचकाचा शब्द नाकारत नाही, त्याला पुढची वाट दाखवतो.

'पाहा' आणि 'हेही पाहा' यांत फरक आहे, आणि घोळ सर्वांत जास्त इथेच होतो. दोन शब्दांचा अर्थ एकच असेल तरच 'पाहा'. 'वऱ्हाड, पाहा विदर्भ' असं कार्ड कुणी केलं तर ते चूक. वऱ्हाड म्हणजे विदर्भाचा पश्चिम भाग, आजचे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ हे जिल्हे. नागपूर, भंडारा, चंद्रपूर वऱ्हाडात येत नाहीत. तेव्हा दोन्ही शीर्षकं ठेवायची, 'विदर्भ' व्यापक, 'वऱ्हाड' संकुचित, आणि मध्ये 'हेही पाहा'. याउलट 'चांदा, पाहा चंद्रपूर' बरोबर आहे, कारण तिथे फक्त नाव बदललं. गडचिरोलीचं तसं नाही. तो जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या चंद्रपूर जिल्ह्यावरच्या पुस्तकात गडचिरोलीचा मुलूखही असतो. ही गोष्ट दोन्ही नावांच्या व्याप्ती टिपेत लिहून ठेवली नाही, तर आदिवासी भागावरची जुनी पुस्तकं वाचकाच्या हाती लागत नाहीत.

एका शब्दाचे अनेक अर्थ, ही दुसरी अडचण. मोहाच्या फुलांवरची पुस्तिका आणि मोह-मायेवरचं प्रवचन एकाच शीर्षकाखाली आलं तर दोन्ही वाचक वैतागतात. म्हणून कंसात खुलासा: 'मोह (वृक्ष)', 'मोह (मनोविकार)'. 'बोर (फळ)' आणि 'बोर (नदी)'. 'वर्धा (जिल्हा)' आणि 'वर्धा (नदी)'. 'वऱ्हाडी (बोली)' लिहिलं नाही, तर लग्नातले वऱ्हाडी तिथे येऊन बसतील.

व्यक्तींच्या नावांनाही हीच शिस्त. डॉ. आंबेडकर, बाबासाहेब आंबेडकर, भीमराव रामजी आंबेडकर अशी कार्डं लागली तर एकाच माणसावरची पुस्तकं 'ड', 'ब' आणि 'भ' अशा तीन खणांत जातात. अधिकृत रूप एक: 'आंबेडकर, भीमराव रामजी, १८९१–१९५६'. बाकी सगळ्यांवरून 'पाहा'. गाडगेबाबांच्या बाबतीत लोकांच्या तोंडचं नावच शीर्षक व्हावं, 'गाडगे महाराज, १८७६–१९५६', आणि डेबूजी झिंगराजी जानोरकर या मूळ नावावरून तिकडे वाट असावी.

आता शीर्षक लावण्याचं प्रत्यक्ष काम. पुस्तकाच्या नावावर विसंबू नये. अनुक्रमणिका, प्रस्तावना, मलपृष्ठ आणि प्रकरणांची पहिली पानं चाळावीत, मग स्वतःला एका वाक्यात सांगावं की हे पुस्तक कशाबद्दल आहे. 'पांढरं सोनं' चाळल्यावर वाक्य असं होतं: विदर्भातल्या कोरडवाहू कापसावरची गुलाबी बोंडअळी कशी ओळखावी आणि कशी आवरावी. यातले मुद्दे यादीतल्या शब्दांत बसवायचे. कोणता मुद्दा घ्यायचा याला लायब्ररी ऑफ काँग्रेसचं माप उपयोगी आहे: पुस्तकाचा निदान २० टक्के भाग ज्या विषयाने व्यापला आहे त्यालाच शीर्षक. १०० पानांत चार पानं तुडतुड्यांवर असली म्हणून 'तुडतुडे' लावायचं नाही. तीनपर्यंत विषय असतील तर तिघांना वेगवेगळं शीर्षक. त्याहून जास्त झाले आणि ते एकाच मोठ्या विषयात बसत असले, तर तो मोठा विषय. एरवी सहा शीर्षकं खूप झाली. हौसेने पंधरा लावली तर शोधणाऱ्यासमोर नको ती पुस्तकं येऊन पडतात आणि त्याचा तालिकेवरचा भरवसा उडतो.

शीर्षकाला पोटविभाग जोडायचा तर क्रम ठरलेला हवा: विषय, त्याची बाजू, जागा, काळ, शेवटी पुस्तकाचं स्वरूप. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचे जीव गेले. त्यावरच्या अहवालाचं शीर्षक असं होईल: 'कीटकनाशके – विषबाधा – यवतमाळ (जिल्हा) – २०१७ – अहवाल'. उद्या कुणी 'यवतमाळ – कीटकनाशके – विषबाधा' असं उलटं लिहिलं की त्याच घटनेवरचं दुसरं पुस्तक यादीत दूर जाऊन पडतं.

संगणकावर हेच पोटविभाग मार्क नोंदीच्या, म्हणजे पुस्तकाची माहिती ठरलेल्या रकान्यांत भरायच्या नमुन्याच्या, ६५० क्रमांकाच्या क्षेत्रात भरतात: विषय 'ए' उपक्षेत्रात, बाजू 'एक्स'मध्ये, जागा 'झेड'मध्ये, काळ 'वाय'मध्ये, स्वरूप 'व्ही'मध्ये. क्षेत्राचा दुसरा निर्देशक शीर्षक कोणत्या यादीतलं आहे ते सांगतो. ० म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेस. आपली यादी असेल तिथे ७ द्यावं आणि '२' या उपक्षेत्रात 'लोकल' लिहावं. कोहासारख्या ग्रंथालयांच्या संगणक प्रणालीत नवी अधिकृत नोंद आपोआप तयार करायची सोय असते. यादी नीट बसेपर्यंत ती बंद ठेवा. ती चालू असली की 'बोंडअळी', 'बोंड अळी' आणि 'बोंडआळी' हे तीन स्वतंत्र विषय म्हणून मिरवू लागतात, आणि नंतर एकेक करून एकत्र करत बसावं लागतं.

मराठीचा एक खास खड्डा 'ऱ' या अक्षरात आहे. 'पऱ्हाटी', 'वऱ्हाड', 'शेतकऱ्यांच्या आत्महत्या' हे शब्द दोन प्रकारे टाइप होतात. एकात स्वतंत्र 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. शोध रिकामा येतो आणि पुस्तक नाही असा समज होतो. वाचनालयात सगळ्यांनी एकच कळपट वापरावा, आणि जुना डेटा शोधा-बदला करून एका रूपात आणावा. जुनी यादी कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटात असेल तर तिच्यात देवनागरी साठवलेलीच नसते, रोमन चिन्हांवर देवनागरी आकार चढवलेले असतात. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते, आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

एकवचन की अनेकवचन, 'संत्रा' की 'संत्री', हेही एकदाच ठरवून यादीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. काय ठरवलं याला फारसं महत्त्व नाही, दर वेळी तेच वापरण्याला आहे.

शीर्षकं कायमची नसतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्वयंपाकासाठीचा 'कुकरी' हा जुना शब्द २०१० साली सोडून 'कुकिंग' केला. त्या यादीत एके काळी 'अस्पृश्य' या अर्थाचं शीर्षक होतं, आज तिथे 'दलित' आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीपासून तासाभराच्या अंतरावरच्या वाचनालयात ही बाब नुसती तांत्रिक राहत नाही. माणसांच्या समूहाचं शीर्षक ते लोक स्वतःला काय म्हणवतात त्यावरून ठरावं, आणि कुणाचा अपमान करणारा जुना शब्द शोधासाठी ठेवायचाच झाला, तर तो 'पाहा'पुरता, शीर्षक म्हणून कधीही नाही.

सरकारी वर्गवारीत सर्वांत लहान अशा 'ड' वर्गातल्या, एकाच माणसावर चालणाऱ्या वाचनालयाला हे सगळं एका दमात जमणार नाही, आणि तशी गरजही नाही. शेती, आरोग्य, स्थानिक इतिहास आणि स्पर्धा परीक्षा या चार विषयांपासून सुरुवात करावी, कारण विचारणा यांचीच जास्त. देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवावी. वाचकाने उच्चारलेला आणि तालिकेत न सापडलेला प्रत्येक शब्द तिच्यात जसाच्या तसा उतरवावा: तारीख, त्याचा शब्द, शेवटी कोणत्या शीर्षकाखाली पुस्तक मिळालं. 'ढोरांची खुरी' असं कुणी म्हणालं आणि पुस्तक 'लाळ्या-खुरकूत'खाली मिळालं, तर महिनाअखेरीला त्या ओळीचं एक 'पाहा' कार्ड होतं.