फुप्फुसातली चोरवाट आणि मेंदूतलं गळू

मेंदूत गळू झालं की कान, सायनस, दात, हृदय हे सगळं तपासलं जातं. पू करणारे जंतू बहुधा तिथूनच आलेले असतात. पण तिथे काहीच सापडलं नाही, तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या बघायला हव्यात, आणि नेमकं तेच बऱ्याचदा राहून जातं.

फुप्फुस श्वासासाठी असतं हे सगळ्यांना माहीत आहे. ते रक्ताची गाळणीही आहे. शरीरभर फिरून आलेलं रक्त तिथे साधारण ८ मायक्रॉन रुंदीच्या केशवाहिन्यांतून जातं. पायाच्या शिरेतून सुटलेली बारीक गुठळी, दात घासताना हिरडीतून रक्तात शिरलेले जंतू यांतलं बरंच काही तिथे अडकतं आणि तिथेच निकालात निघतं.

काहींच्या फुप्फुसात मात्र धमनी हे जाळं टाळून थेट शिरेला जाऊन मिळते. त्या वाटेने न गाळलेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तिथून मेंदूत पोचतं. एरवी निरुपद्रवी असलेले तोंडातले जंतू मग मेंदूत गळू करतात. गुठळी गेली तर पक्षाघात होतो. तोवर त्या माणसाला कसलाच त्रास झालेला नसतो, असंही पुष्कळदा घडतं.

अशा बहुतेक रुग्णांमागे एचएचटी (हेरेडिटरी हेमोरेजिक टेलॅन्जिएक्टेशिया) हा रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार असतो. सुमारे ५,००० माणसांत एकाला तो असतो, आणि आई किंवा वडिलांकडून मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्याची खूण चेहऱ्यावरच असते. आपल्याकडे घोळणा फुटला की ‘उष्णता झाली’ म्हणतात, डोक्यावर गार पाणी थापतात. बहुतेक वेळा ते खरंच साधं असतं. पण आजी, वडील, मुलगी अशा तिघांचाही घोळणा वरचेवर फुटत असेल, ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तपासणी फारच सुंदर आहे. सलाईनमध्ये किंचित हवा घुसळून ते बुडबुडे हाताच्या शिरेत सोडतात आणि सोनोग्राफीत हृदय बघतात. उजवा कप्पा पांढराशुभ्र होतो. निरोगी माणसात बुडबुडे फुप्फुसातच विरतात आणि डावा कप्पा काळाच राहतो. चोरवाट असेल तर तीन-चार ठोके जातात आणि डावीकडेही पांढरे ठिपके उमटू लागतात. मग सीटी स्कॅनमध्ये ती वाट नेमकी कुठे आहे ते कळतं.

उपचाराला छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी फुप्फुसापर्यंत नेऊन धातूच्या गुंडाळीने ती धमनी बुजवतात. तरीही स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या बारीक वाटा उरू शकतात. म्हणून या रुग्णांनी दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस घ्यायचा असतो, आणि दातांच्या डॉक्टरांना तसं सांगायचं असतं, दरवेळी.